घरच्या गॅरेजात सुपरचार्जर: पान्याचं काम सोपं, हिशेबाचं अवघड

२२ डिसेंबर २०२३ रोजी कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून शेवटची डॉज चॅलेंजर बाहेर पडली आणि जगभरचे मोटारवेडे हळहळले. याच गाडीच्या ‘हेलकॅट’ अवतारात, २०१५च्या मॉडेलपासून, कंपनीच सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, बसवून देत होती. ६.२ लिटरचं, आठ सिलिंडरांचं व्ही-८ इंजिन, ७०७ हॉर्सपॉवर, आणि गाडी शोरूममधून थेट रस्त्यावर. त्यानंतर कंपन्यांची धोरणं इकडची तिकडे झाली, पण अमेरिकेतला हौशी माणूस या बाबतीत कंपनीच्या भरवशावर कधीच नव्हता. तो आपल्या ‘मसल कार’साठी सुपरचार्जरचं किट मागवतो, ट्रकवाला भलंमोठं खोकं दारात टाकून जातो, आणि पुढचे दोन-तीन शनिवार-रविवार तो घराला लागून असलेल्या गॅरेजात गाडीच्या नाकात डोकं घालून बसलेला असतो.

त्याचे व्हिडिओ आपल्याकडेही भरपूर पाहिले जातात. पाहून दोन समज होतात. एक, हे सगळं नट-बोल्टाचं काम आहे. दोन, डबा बसवला की ताकद आली. पहिला समज बराचसा खरा आहे. दुसरा खोटा आहे, आणि इंजिनं फुटतात ती त्याच्यापायी.

उदाहरणासाठी आपण २०१५ ते २०१७ मधली फोर्ड मस्टँग जीटी घेऊ. जुने खोड म्हणतील की मस्टँग ही ‘मसल कार’ नव्हे, ‘पोनी कार’. मसल कार म्हणजे १९६४च्या पॉन्टियाक जीटीओसारखी, मध्यम आकाराच्या गाडीत दांडगं व्ही-८ कोंबलेली. म्हणू द्या. घरी सुपरचार्जर बसवणाऱ्यांत मस्टँगवाले ढिगानं सापडतात, आणि तिच्या ‘कायोटी’ नावाच्या ५ लिटर इंजिनाचे आकडे हिशेबाला सोयीचे आहेत.

इंजिनाची भूक पेट्रोलची नाही, हवेची

हे इंजिन कारखान्यातून ४३५ हॉर्सपॉवर घेऊन येतं. इंजिनाचे दोन फेरे झाले की आठही सिलिंडर एकदा हवा ओढून घेतात. म्हणजे दर फेऱ्याला अडीच लिटर. मिनिटाला ६,००० फेरे धरले तर १५,००० लिटर हवा, वजनात सुमारे १८ किलो. पाय पूर्ण दाबलेला असताना या १८ किलोंसोबत दीड किलो पेट्रोल जळतं. मिनिटाला साधारण दोन लिटर!

पेट्रोल जास्त घालणं कधीच अवघड नव्हतं. मोठा इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, लावा, जास्त पडेल. पण ते जाळायला हवा कुठून आणणार? एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर उरलेलं पेट्रोल धूर होऊन सायलेन्सरमधून जातं. आणि सिलिंडरमध्ये हवा किती मावणार हे त्याच्या आकारानं आधीच ठरवून टाकलेलं असतं. जास्त ताकद हवी तर इंजिन मोठं करा, जास्त वेगानं फिरवा, किंवा त्याच जागेत हवा दाबून भरा. हे तिसरं काम करतो तो सुपरचार्जर: इंजिनाच्याच बेल्टवर चालणारा, हवा आत ढकलणारा पंप.

लोहाराचा भाता आठवा. कोळसा तोच, भट्टी तीच, पण भात्याची हवा लागली की लोखंड पांढरं पडतं. मात्र कोळसाही भराभरा संपतो, तो वेळेवर घालावा लागतो. भट्टीची माती तापून तडकू शकते. आणि भाता ओढणाऱ्या पोराला दोन घास जास्त वाढावे लागतात. सुपरचार्जर बसवणाऱ्याचे सगळे प्रश्न या तीन गोष्टींतच आले: कोळसा, माती आणि पोराचं जेवण.

बूस्ट: आठ पीएसआय म्हणजे नेमकं किती?

‘बूस्ट’ म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा आतला दाब जेवढा जास्त असेल तेवढा. तो पीएसआयमध्ये मोजतात, म्हणजे पंक्चरवाला ‘३२ भरू का?’ विचारतो त्याच मापात. त्या ३२ समोर हा आठाचा आकडा किरकोळ वाटतो. पण समुद्रसपाटीला वातावरणाचाच दाब १४.७ पीएसआय असतो. त्यात ८ मिळवले की २२.७ झाले, मूळच्या १.५४ पट. कागदावर ५४ टक्के जास्त हवा.

कागदावर अशासाठी, की हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना त्याचं खालचं टोक चटका देतं, तीच गोष्ट. बाहेर ३० अंश असेल तर आठ पीएसआय बूस्टची हवा पंपातून सुमारे ९० अंशांवर बाहेर पडते. तापलेली हवा फुगते, त्यामुळे ५४ टक्क्यांचे जेमतेम २८-२९ टक्के हाती लागतात. म्हणून बहुतेक किटमध्ये ‘इंटरकूलर’ येतो, म्हणजे दाबलेली हवा इंजिनात शिरण्याआधी तिला गार करणारा छोटा रेडिएटर. त्यानं हवा ५० अंशांवर आणली तर वाढ ४४ टक्क्यांपर्यंत जाते. निव्वळ थंडाव्यानं १५ टक्क्यांचा फरक पडला. इंटरकूलरशिवाय स्वस्तात काम उरकू पाहणाऱ्याला मी हाच आकडा दाखवेन.

४३५चे ४४ टक्क्यांनी वाढवले तर ६२६ होतात. त्यातून पोराचं जेवण वजा करायचं. एवढी हवा एवढी दाबायला साध्या हिशेबानं ३५-४० हॉर्सपॉवर लागतात, आणि ते क्रँकवरूनच, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्यावरूनच, जातात. इंजिन सांभाळण्यासाठी ठिणगी जराशी उशिरा टाकावी लागते, त्यातही थोडे जातात. हातात उरतात ६००च्या आसपास. हेही कमी नाहीत. पण ‘दाब दीडपट म्हणजे ताकद दीडपट’ असं कोणी सांगत असेल तर त्यानं उष्णता हिशेबात धरलेली नाही.

पंपाचे तीन प्रकार, आणि एका भावकीची गोष्ट

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० साली एका हवेच्या पंपाचं पेटंट घेतलं. एका डब्यात दोन पंखुड्या एकमेकींना न शिवता फिरतात आणि कडेनं हवा उचलून पलीकडे टाकतात. हा पंप ओतशाळेच्या भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवू लागला. म्हणजे भात्याची उपमा मी काढली खरी, पण सुपरचार्जरचा पणजोबा खरोखरच भट्टीवर कामाला होता.

पुढे जनरल मोटर्सच्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनांवर हा पंप आला. त्या इंजिनांना जळका धूर बाहेर ढकलायला पंप लागायचाच. त्यांतलं ‘६-७१’ नावाचं इंजिन, म्हणजे सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ घनइंच, ट्रक आणि बसमध्ये सर्रास असायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर हौशी पोरांनी भंगारातून हे पंप उचलले आणि आपल्या व्ही-८च्या डोक्यावर चढवले. बोनेट कापून वर आलेलं ते धूड अजून पोस्टरांवर दिसतं, ते तिथून आलं.

आजचे रूट्स पंप पुष्कळ सुधारले आहेत. ईटन कंपनीच्या पंपात चार-चार पात्यांचे पिळदार रोटर असतात. दुसरा प्रकार ‘ट्विन-स्क्रू’. याची मांडणी स्वीडनच्या आल्फ लिशोम यांनी १९३०च्या दशकात केली. यात दोन मळसूत्रं एकमेकांत फिरतात आणि हवा पंपाच्या पोटातच दाबली जाते. रूट्सपेक्षा हा हवा कमी तापवतो. हे दोन्ही प्रकार व्ही-८च्या दोन रांगांमधल्या खोबणीत बसतात आणि इंजिनाचा मूळचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारी नळ्यांची जुडी, काढून तिची जागा घेतात. पाय दाबला की कमी वेगालाही ताकद तयार असते.

तिसरा सेंट्रिफ्युगल. दिसायला टर्बोचा भाऊ, पण फिरतो बेल्टवर. आतल्या गिअरमुळे त्याचं चाक मिनिटाला ५०,००० फेऱ्यांच्या पुढे जातं. बूस्ट इंजिनाच्या वेगाबरोबर चढतो, त्यामुळे खाली गाडी शांत आणि वर पिसाळलेली. हा इंजिनाच्या पुढच्या बाजूला ब्रॅकेटवर लटकतो, मॅनिफोल्डला हात लावावा लागत नाही. घरी पहिल्यांदा करणाऱ्याला तो सोपा. तरी मला विचाराल तर रस्त्यावर चालवायच्या गाडीला ट्विन-स्क्रूच बरा. सिग्नल सुटल्यावर हवी असलेली ताकद ६,००० फेऱ्यांवर मिळून काय करायचंय?

मग टर्बो का नको?

रास्त प्रश्न. टर्बो बाहेर जाणाऱ्या गरम धुरावर फिरतो, म्हणजे भट्टीच्या धुराड्यातून फुकट जाणाऱ्या वाफेवरच भाता चालवला. पोराचं जेवण बरंच वाचलं. कारखान्यात इंजिन पहिल्यापासून तसं आखता येतं, म्हणून आज नव्या गाड्यांत टर्बोच जास्त.

पण आधीच बनलेल्या व्ही-८ला घरी टर्बो लावायचा तर दोन्ही बाजूंचे एक्झॉस्ट उघडावे लागतात, लालबुंद होणाऱ्या नळ्या वायरिंग आणि ब्रेकच्या पाइपांजवळून न्याव्या लागतात, तेलाची येण्या-जाण्याची वाट करावी लागते. वेल्डिंगही बहुधा आलंच. सुपरचार्जर इंजिनाच्या थंड बाजूला बसतो. घरगुती कामाला तो धार्जिणा ठरतो तो एवढ्यासाठी.

गॅरेजात प्रत्यक्ष काय चालतं

टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्यानं हे काम काढलं तेव्हा पहिला फोन असा होता: “मामा, दोन वीकेंडांत होईल ना?” सरावलेला मिस्त्री ट्विन-स्क्रूचं किट एक-दोन दिवसांत बसवतो. पहिल्यांदा करणाऱ्याला त्याच्या तिप्पट वेळ लागतो, आणि त्यातला निम्मा वेळ पडलेला बोल्ट शोधण्यात जातो.

सुरुवात बॅटरी काढून आणि पेट्रोलच्या लाइनमधला दाब सोडून. हे केल्याशिवाय लाइन उघडली तर पेट्रोलची चिळकांडी थेट अंगावर येते, आणि अमेरिकेतल्या पुष्कळ गॅरेजांत कोपऱ्यात गॅसवरचा पाण्याचा हीटर चालू असतो. मग कूलंट काढणं, पुढचा बंपर उतरवणं (इंटरकूलरचं पाणी गार करणारा रेडिएटर त्याच्या मागे बसतो) आणि शेवटी प्लॅस्टिकचा मूळ मॅनिफोल्ड उचलणं.

तो उचलला की सिलिंडर हेडमधली आठ भोकं उघडी पडतात, आणि माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत धोक्याचा तास इथून सुरू होतो. या भोकांची वाट व्हॉल्व्हवरून थेट सिलिंडरमध्ये जाते. त्यात वॉशर पडला आणि कळलं नाही, तर इंजिन चालू होताच पिस्टन त्याला वर ठेचतो. म्हणून प्रत्येक भोकात स्वच्छ कापडाचा बोळा कोंबायचा आणि वरून टेप लावायची. बोळे एकाच भडक रंगाचे घ्यावेत, आणि आठ कोंबले तर आठ निघाले हे बोट ठेवून मोजावं. भाच्यानं लाल फडकी घेतली होती आणि भिंतीवर खडूनं ‘८’ लिहिला होता. त्याच्या बायकोनं हसून त्याचा फोटो काढला. मला मात्र पोरगं शहाणं वाटलं.

जुनी गॅस्केट, म्हणजे सांधा हवाबंद करणारी पट्टी, खरवडताना धातूची पट्टी वापरायची नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं, ओरखडा पडला की तिथून हवा गळते. नवा सुपरचार्जर इंटरकूलरसकट इतका जड असतो की एकट्यानं उचलून नेमका खोबणीत ठेवणं जमत नाही. दुसरा माणूस किंवा इंजिन उचलायची घोडी हवीच. तो तिरका टेकला तर खालची गॅस्केट सरकते, आणि ते नंतर कळतं.

बोल्ट आवळायचे ते टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोर लावला हे मोजणाऱ्या पान्यानं, किटच्या पुस्तकात दिलेल्या क्रमानं. ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्यांनी हेडमधले आटे घालवल्याची उदाहरणं कुठल्याही मशीन शॉपमध्ये ऐकायला मिळतात. मॅनिफोल्डचे बोल्ट किती हलके आवळायचे असतात हे पाहून नवखा माणूस चकित होतो, आणि न राहवून आणखी पाव फेरा देतो. तो पाव फेरा महागात जातो.

स्पार्क प्लग बदलायचे: एक पायरी ‘थंड’ जातीचे, म्हणजे आपली उष्णता लवकर हेडला देऊन टाकणारे. त्यांची फट मूळच्या सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते, ती ०.७ ते ०.९ वर आणायची. दाबलेल्या हवेतून ठिणगीला उडी मारणं जड जातं, फट मोठी राहिली तर ऐन जोरात इंजिन मिस मारतं.

इंटरकूलरच्या पाण्याचा पंप, टाकी, होस हे सगळं दिसायला किरकोळ. पण त्यात हवेचा बुडबुडा अडकला तर पाणी फिरतच नाही आणि इंटरकूलर नावालाच राहतो. पंप चालू करून टाकीत पाणी वळताना डोळ्यांनी पाहायचं. बेल्टची ओळ तपासायची. पुली जराशी जरी मागेपुढे असेल तर बेल्ट कडेनं सोलपटून निघतो.

याशिवाय प्रत्येक इंजिनाचा एखादा खास दुखरा भाग असतो. कायोटीचा आहे ऑइल पंप. त्याचे गिअर धातूची भुकटी दाबून बनवलेले असतात. सुपरचार्जरचा भार आणि वरच्या वेगाचे हादरे यांनी ते तडकल्याची उदाहरणं आहेत, आणि तेलाचा दाब गेला की इंजिन काही सेकंदांत बसतं. अखंड पोलादातून कापलेले गिअर मिळतात. पण ते बदलायला पुढचं कव्हर आणि टायमिंग चेन काढावी लागते, म्हणजे काम दुप्पट. जनरल मोटर्सच्या एलएस घराण्यातल्या इंजिनांत, उदाहरणार्थ २०१० ते २०१५च्या कॅमरो एसएसमध्ये, क्रँकची पुढची पुली चावीविना, म्हणजे अडकवून धरणाऱ्या खुंटीविना, नुसत्या बोल्टच्या दाबावर बसलेली असते. बेल्टवर जास्त भार आला की ती सरकू शकते. म्हणून क्रँकचं टोक आणि पुली यांच्या सांध्यावर भोक पाडून खिळ ठोकतात. आपल्या चालत्या गाडीच्या क्रँकशाफ्टला ड्रिल लावायचं, या कल्पनेनंच अनेकांचा धीर सुटतो, आणि ते काम तेवढं दुकानात देतात. देऊ द्या, त्यात कमीपणा नाही.

कोळसा वेळेवर घालायला हवा

आता हिशेबाचा भाग. हवा ४४ टक्क्यांनी वाढली म्हणजे मिनिटाला १८ ऐवजी २६ किलो. बूस्टमध्ये पेट्रोल मुद्दाम जरा जास्त ठेवतात, एकास साडेअकरा-बारा या प्रमाणात, कारण जादा पेट्रोल आतलं तापमान उतरवतं. म्हणजे मिनिटाला सुमारे तीन लिटर. दोनाचे तीन झाले. ते आठ इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी ३७०-३८० मिलिलिटर, आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांच्या वर चालवायचा नाही असा दंडक धरला तर प्रत्येकाची क्षमता साडेचारशेच्या आसपास हवी. मूळचे इंजेक्टर यासाठी लहान पडतात, म्हणून किटमध्ये मोठे येतात. पेट्रोलचा पंपही तेवढं देऊ शकला पाहिजे.

समजा नाही दिलं. तर काय, ताकद जरा कमी मिळेल? इथेच गैरसमज आहे. हवा भरपूर आणि पेट्रोल कमी अशा मिश्रणाला ‘लीन’ म्हणतात, आणि बूस्टमध्ये लीन चाललेलं इंजिन थंड पडत नाही, भडकतं.

भडकण्याचा एक प्रकार म्हणजे ‘नॉक’. पेट्रोल ठिणगीनं पेटून ज्वाला शिस्तीत पसरायला हवी. दाब आणि उष्णता हाताबाहेर गेली की कोपऱ्यातलं मिश्रण आपलं आपण, एकदम फुटतं. इंजिनातून डबा वाजल्यासारखा खडखड आवाज येतो, आणि पिस्टनवर घणाचे घाव बसतात. कायोटीचं कॉम्प्रेशन ११ला १ आहे. साध्या इंजिनाला हे छान, पण सुपरचार्जरखाली याचा अर्थ असा की आधीच दाबून आलेली हवा पिस्टन आणखी अकरा पट दाबतो.

नॉक रोखण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. इथे भारतातल्या वाचकांनी एक सावधगिरी बाळगावी. आपल्या मापातलं ९१ आणि कॅलिफोर्नियाच्या पंपावरचं प्रीमियम ९१ हे एक नव्हे. आपण ‘रॉन’ या पद्धतीनं मोजतो, अमेरिका दोन पद्धतींची सरासरी पंपावर लिहिते. त्यांचं ९१ आपल्या मापात ९५-९६ भरतं, आणि टेक्सासमध्ये मिळणारं ९३ साधारण ९८. किटवर ‘किमान ९१’ लिहिलेलं वाचून कोणी आपल्या मापातलं ९१ भरलं तर आटोपलंच.

ट्यून: खरं काम लॅपटॉपवर

गाडीच्या संगणकाला सुपरचार्जर बसवल्याचं माहीत नसतं. इतकी हवा आली तर इतकं पेट्रोल, इतक्या वेगाला ठिणगी इतक्या अंश आधी, असे तक्ते त्याच्यात भरलेले असतात, आणि ते साध्या इंजिनाचे असतात. हे तक्ते बदलणं म्हणजे ‘ट्यून’. पूर्ण किटबरोबर निर्मात्यानं तपासलेला ट्यून आणि तो गाडीत भरायचं छोटं यंत्र येतं. अर्धवट किट घेतलं तर ट्यूनर शोधावा लागतो.

आज ट्यूनर हजार मैलांवर असला तरी चालतं. तो पहिली फाइल ईमेलनं पाठवतो. तुम्ही ती भरता, गाडी चालवता, संगणकातल्या नोंदी साठवून परत पाठवता: हवा-पेट्रोलचं प्रमाण, नॉक सेन्सरनं ठिणगी किती मागे ओढली, आत येणाऱ्या हवेचं तापमान, पेट्रोलचा दाब. तो सुधारित फाइल पाठवतो. असं चार-पाच वेळा. या काळात पाय पूर्ण दाबायचा नाही, ट्यूनर सांगेपर्यंत. नोंदी घेताना दुसरा माणूस शेजारी हवा, लॅपटॉपकडे बघत गाडी चालवायची नसते. आणि जमलं तर हे रस्त्यावर करूच नये. डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर करावं. भाड्याचे पैसे वसूल होतात.

मूळच्या ट्यूनवर ‘नुसती चालू करून बघू, आवाज तरी ऐकू’ हा मोह आवरावा. इंजेक्टर बदललेले असतात, संगणकाला वाटतं जुनेच आहेत, आणि पहिल्या मिनिटापासून पेट्रोल भलतंच पडतं.

‘पण ॲव्हरेज?’

हा प्रश्न मराठी माणूस विचारणारच. हायवेला सावकाश चालवताना फरक वाटतो त्याहून कमी पडतो. सुपरचार्जरमध्ये एक बायपास व्हॉल्व्ह असतो. पाय हलका असेल तेव्हा तो उघडा राहतो, हवा आतल्या आत फिरते आणि पंपाला दाबायचं काम उरत नाही. खर्च होतो तो पाय दाबल्यावर. आणि तो दाबला जातोच, नाहीतर एवढा खटाटोप कशाला केला होता?

‘आणि इंजिन?’

सात-आठ पीएसआय, पुरेसं पेट्रोल, सांभाळून केलेला ट्यून, तर कायोटीसारखं इंजिन आतून न उघडता वर्षानुवर्षं चालतं. बिघडतं ते दुसऱ्या पायरीवर. सुपरचार्जरची पुली लहान केली की तो जोरात फिरतो आणि बूस्ट वाढतो. पुली शंभर-दीडशे डॉलरची, बदलायला तास पुरतो. त्या तासात इंजेक्टर, पंप, इंटरकूलर, ऑक्टेन यांचा सगळा हिशेब मोडतो, आणि मालकाला वाटतं आपण फक्त पुली बदलली. मग कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर डोकावतो. क्लच, मागचे टायर आणि ब्रेक यांनाही वाढीव ताकदीचा वाटा उचलावा लागतो, हे किटच्या जाहिरातीत नसतं. किटची किंमत सात ते दहा हजार डॉलर. तेवढीच रक्कम बाजूला काढून काम सुरू करणारा माणूस हमखास अर्ध्यावर अडकतो.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेत ‘क्लीन एअर ॲक्ट’नुसार गाडीच्या धूर-नियंत्रण यंत्रणेत फेरफार करणं बेकायदा आहे, गाडी स्वतःची आणि गॅरेज घरचं असलं तरी. कॅलिफोर्निया याहून कडक. तिथे किटला राज्याच्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक लागतो, बोनेटखाली त्याचं स्टिकर लागतं, आणि धूर-तपासणीत ते पाहिलं जातं. नामवंत कंपन्यांची बरीच किटं ही मान्यता घेऊन येतात. किट निवडताना सर्वांत आधी तेच पाहावं. टेक्सासनं १ जानेवारी २०२५पासून खासगी गाड्यांची सुरक्षा-तपासणी बंद केली. ते ऐकून भाचा खूश झाला होता, पण डॅलस आणि ह्यूस्टनच्या आसपासच्या काउंट्यांत धुराची तपासणी चालूच आहे.

वॉरंटीबद्दल दोन टोकाच्या अफवा आहेत. ‘बोल्ट फिरवला की वॉरंटी गेली’ हे खरं नाही. १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार बाहेरचा भाग लावला एवढ्याच कारणावरून कंपनी सगळी वॉरंटी नाकारू शकत नाही. पण पिस्टन वितळला तर तो सुपरचार्जरमुळे वितळला हे दाखवणं तिला मुळीच जड नाही. विमा कंपनीलाही आधी कळवलेलं बरं.

भारतात चित्र सरळ आहे. मस्टँग २०१६ साली इथे अधिकृतपणे विकायला आली, तेव्हा काही गाड्या मुंबई-पुण्यात आहेत आणि प्रश्न निव्वळ कल्पनेतला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड भरता येईल, पण अपघात झाला आणि विमा कंपनीनं बोनेट उघडून पाहिलं तर दावा लढवणं अवघड जाईल.

आयती बसवलेली गाडी मिळत असेल तर

अमेरिकेत नव्यानं गेलेल्या आपल्या पोरांना हा मोह फार होतो. कोणीतरी सुपरचार्जर लावलेली जुनी मस्टँग विकत असतो, आणि किंमत साध्या मस्टँगपेक्षा थोडीच जास्त असते. तिथे चकाकणारा पंप बघू नका. ट्यून कोणाचा आहे आणि त्याची फाइल मिळेल का, विचारा. अलीकडच्या नोंदी मागा आणि त्या कुठल्याही ट्यूनरला दाखवा. पुली किटमधलीच आहे की लहान केली, ऑइल पंपाचे गिअर बदलले का, मान्यता क्रमांकाचं स्टिकर जागेवर आहे का, मूळचा मॅनिफोल्ड आणि इंजेक्टर जपून ठेवलेत का. विकणारा ही उत्तरं पावत्यांसकट देत असेल तर सिलिंडरांचं कॉम्प्रेशन तपासून घ्या आणि मग भावाचं बोला. ‘ट्यून असेल की, मित्रानं केला होता’ असं म्हणाला, तर नव्या इंजिनाची किंमत त्या भावात मिळवून बघा.